इंग्रजी शिकवण्याच्या सेवेवर परदेशी निघताना: नवख्यांसाठी मार्गदर्शन

परदेशात इंग्रजी शिकवून सेवा करायची आहे, असं मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, कुणी उभं राहून सांगितलं की सगळ्यांना आनंद होतो. पाळक प्रार्थना करतात, दोन-चार जण मदतीची पाकिटं पुढे करतात. घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. व्हिसा कुठला? शिकवण्याचा दाखला लागतो का? त्या देशात ख्रिस्ताविषयी बोलणं गुन्हा असेल तर? आणि सोमवारी सकाळी वर्गात उभं राहून करायचं काय?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिक्षक म्हणून जाणार असाल तर शिक्षकच व्हा, पूर्ण मनाने. शिकवणं हा नुसता मुखवटा असेल तर तो लवकर उतरतो, आणि त्याचा भुर्दंड तुमच्यापेक्षा तिथल्या ख्रिस्ती लोकांना जास्त बसतो. परदेशी माणसाला बहुधा विमानात बसवून परत पाठवतात. त्याच्या घरी प्रार्थनेला येणाऱ्या स्थानिक माणसाच्या दारावर मात्र पोलीस पुन्हा पुन्हा येतात.

मिशनच्या वर्तुळात या कामाला टेंटमेकिंग म्हणतात. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू करत असे, त्यावरून (प्रेषितांची कृत्ये १८:३). हे वचन सगळे सांगतात, त्याच्या पुढचं कमी सांगतात: दर शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, तो यहुद्यांच्या सभास्थानात उघडपणे वाद घालत असे. तंबूचं काम एका जागी, सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) दुसऱ्या जागी, आणि दोन्ही गावाला ठाऊक. शिवाय त्याच्या हातचे तंबू लोक विकत घेत होते, म्हणजे ते गळत नसावेत. इंग्रजी शिकवणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचा बराचसा लेख आपोआप समजेल.

आधी शिकवायला शिका

इंग्रजी येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. तुम्ही 'आय हॅव बीन वेटिंग' सहज बोलता, पण नवख्या विद्यार्थ्याने 'आय वॉज वेटिंग'पेक्षा ते वेगळं कसं असं विचारलं की घाम फुटतो. म्हणून तिकीट काढण्याआधी दाखला घ्या.

जगभर चालणारे दोन दाखले आहेत: केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्ट-टेसॉल. पहिला साधारण १२० तासांचा, दुसरा किमान १३० तासांचा. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किमान ६ तास शिकवावं लागतं. प्रशिक्षक मागे बसून नोंदी घेतो आणि तास संपल्यावर कुठे चुकलं ते स्पष्ट सांगतो. पूर्ण वेळ केल्यास साधारण महिना लागतो. त्या महिन्यात लग्नकार्य, प्रवास, दुसरी नोकरी, काहीही ठरवू नका. ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमातला एक भाग मला विशेष आवडतो. प्रशिक्षणार्थींना एका पूर्ण अनोळखी भाषेचे तास घ्यावे लागतात. ओळखीचा एक शब्द नसलेल्या खोलीत बसल्यावर माणूस किती गोंधळतो, हे तिथे अंगावर येतं, आणि पुढे स्वतःच्या वर्गात हळू बोलायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

इंटरनेटवर स्वस्तात मिळणाऱ्या टेफल (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या) दाखल्यांवरही १२० तास छापलेले असतात. त्यांतल्या अनेकांत एकही खरा विद्यार्थी भेटत नाही. काही देशांत व्हिसासाठी तेवढ्यावर काम भागतं, वर्गात भागत नाही. पैसे खरंच नसतील तर असा ऑनलाइन दाखला घ्या, पण जोडीला वर्षभर कुठेतरी प्रत्यक्ष शिकवा: स्थलांतरितांच्या वर्गात, रात्रशाळेत, मंडळीच्या हॉलमध्ये. वर्षभर आठवड्यातून दोनदा शिकवायचा कंटाळा येत असेल तर परदेशात रोज पाच तास शिकवणं जमणार नाही. हे घरीच कळलेलं बरं.

आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी शिकून मिळवली. वर्गात ही मोठी जमेची बाजू आहे, कारण 'अ' आणि 'द' कुठे अडतात हे आपण सोसलेलं असतं. मात्र स्वतःच्या इंग्रजीची झाडाझडती घ्या. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'डिस्कस अबाउट', 'कझिन ब्रदर' ही वाक्यं आपल्याकडे खपतात, परीक्षेच्या पेपरात खपत नाहीत. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आपण बहुधा सारखेच म्हणतो. उच्चार पार बदलायची गरज नाही, पण अर्थ बदलतो तिथे फरक करून दाखवता आला पाहिजे. भाषेची पातळी कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये मांडलेल्या ए१ (अगदी नवखा) ते सी२ (पारंगत) या सहा पायऱ्यांत मोजतात. शिकवणारा किमान सी१ वर असावा.

देश निवडताना कायदा स्वतः वाचा

इथे घाई करू नका. 'तिथे सगळे असंच करतात' हे वाक्य नवख्यांना हमखास ऐकायला मिळतं, आणि हद्दपारीच्या कहाण्याही बहुधा त्याच वाक्यापासून सुरू होतात.

दोन कायदे वेगवेगळे पाहायचे असतात. पहिला पासपोर्ट आणि व्हिसाचा. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, पासपोर्ट वेगळा असेल तर त्या दारातून बहुधा प्रवेश नाही. काही देश इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतात, काही पदवी आणि अनुभव दोन्ही. एजंट म्हणतो 'पर्यटक व्हिसावर या, मग बघू', तेव्हा फोन ठेवून द्या. ख्रिस्ती साक्ष देण्यासाठी निघालेल्या माणसाने विमानतळावरच खोटं बोलून सुरुवात करावी, हे मला पटत नाही. बिनपगारी काम असलं तरी अनेक देशांत परवाना लागतोच. 'मी तर फुकट शिकवतो' हा बचाव चालत नाही.

दुसरा कायदा धर्मप्रसाराचा. देशोदेशी तो किती वेगळा असतो ते पाहा.

जपानमध्ये धर्मस्वातंत्र्य पुरेपूर आहे. परदेशातल्या धार्मिक संस्थेने पाठवलेल्यांसाठी 'धार्मिक कार्य' असा निवासाचा स्वतंत्र दर्जाच आहे. शाळेत शिकवणाऱ्यांचा दर्जा वेगळा. मिळालेल्या दर्जाबाहेरचं पगारी काम परवानगीशिवाय करता येत नाही. इतक्या मोकळ्या देशातही राज्यघटनेच्या २० व्या कलमानुसार सरकार आणि सरकारी संस्थांनी धर्मशिक्षण देऊ नये असं बंधन आहे. म्हणजे सरकारी शाळेतल्या वर्गात सुवार्ता नाही. रविवारी चर्चमध्ये कुणाचीही हरकत नाही. थायलंडमध्येही धार्मिक कामासाठी वेगळ्या वर्गाचा व्हिसा आहे. जिथे असा सरळ मार्ग आहे आणि तुम्हाला मुळात शिकवायचं नाही, प्रचारच करायचा आहे, तिथे तोच मार्ग धरा. शिक्षकाची जागा अडवू नका.

मंगोलियात परदेशी भाषेचं शिक्षण आणि धर्मशिक्षण एकत्र करू नये असा शिक्षण मंत्रालयाचा निर्देश आहे. हा नियम जणू आपल्यासारख्यांसाठीच लिहिला आहे. इंग्रजीच्या तासाच्या शेवटी 'पाच मिनिटं बायबल' ही जुनी पद्धत तिथे थेट नियमभंग ठरते.

चीनमध्ये परदेशी लोकांच्या धार्मिक हालचालींचे नियम १९९४ पासून आहेत आणि त्यांचे नवे तपशीलवार नियम १ मे २०२५ पासून लागू झाले. स्वतः उपासना करता येते, परवानगीशिवाय प्रचार करता येत नाही, अनुयायी जमवता येत नाहीत. काही शहरांतल्या परदेशी लोकांच्या उपासनेला दारात पासपोर्ट पाहूनच आत सोडतात. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला उत्साहाने 'माझ्याबरोबर ये' म्हणण्याआधी ती कुठली उपासना आहे हे माहीत हवं. चीनमध्ये उघड्यावर काम करण्याचं उदाहरणही आहे. चिनी ख्रिस्ती लोकांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये नानजिंग इथे अ‍ॅमिटी फाउंडेशन सुरू झालं आणि त्याच्यामार्फत परदेशी मंडळ्यांनी इंग्रजीचे शिक्षक पाठवले. हे शिक्षक चर्चकडून आलेत, हे सरकारला माहीत, कॉलेजला माहीत, विद्यार्थ्यांनाही माहीत. वर्गात ते इंग्रजीच शिकवत.

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेचं २६ वं कलम दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत हद्दपार. मोरोक्कोत दंडसंहितेच्या २२० व्या कलमाखाली मुसलमान माणसाची श्रद्धा डळमळीत करण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे. मार्च २०१० मध्ये मोरोक्कोने अनेक परदेशी ख्रिस्ती लोकांना देशाबाहेर काढलं. त्यात आईन ल्यू इथल्या एका अनाथालयात मुलांना पोटच्या पोरांसारखं वाढवणारी जोडपी होती. धर्मप्रसाराचा आरोप त्यांनी नाकारला, पण तरीही त्यांना जावं लागलं आणि मुलं मागे राहिली. उझबेकिस्तानात मिशनरी कामावर सरसकट बंदी आहे, २०२१ च्या नव्या कायद्यातही ती कायम आहे.

जिवाचा प्रश्नही असतो. २०१७ मध्ये पाकिस्तानात क्वेट्टा शहरात दोन तरुण चिनी नागरिकांचं अपहरण होऊन त्यांची हत्या झाली. ते व्यवसायाच्या व्हिसावर आले होते आणि भाषा शिकण्याच्या नावाखाली धर्मप्रचार करत होते, असं पाकिस्तान सरकारने नंतर सांगितलं. कोण कुणाला किती जबाबदार हा वाद बाजूला ठेवला तरी व्हिसा एक आणि काम दुसरं असलं की संकटात कुणाकडे हक्काने मदत मागायची, हा पेच उरतोच.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, प्रेषितांनी तरी कुठे परवानगी मागितली? खरंय. ते पकडले गेले तेव्हा 'आम्ही तर व्याकरण शिकवत होतो' असंही म्हणाले नाहीत. कायदा मोडायचाच असेल तर तो उघडपणे आणि स्वतःच्या जोखमीवर मोडण्याचा निर्णय वेगळा. विद्यार्थ्यांना आणि शाळेला त्यात नकळत ओढणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचं समर्थन मला शास्त्रात सापडलेलं नाही.

नोकरी आणि करार

इथे थोडक्यात. पदवीचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांच्यावर ज्या देशाने ते दिले तिथून अपोस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मिळणारा सरकारी दाखला) करून घ्या; चीनही नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टील मानतो. याला आठवडे लागतात, म्हणून आधी सुरू करा. करारात शिकवण्याचे तास आणि शाळेत हजर राहण्याचे तास वेगळे लिहिलेले आहेत का ते बघा. घर, विमा, व्हिसाचा खर्च, नोटीस कालावधी हे सगळं कागदावर हवं. मूळ पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका. शाळा सुरू करणारा ख्रिस्ती बंधू आहे म्हणून करार न वाचता सही करणारे पुष्कळ पाहिलेत. बंधुभाव असला तरी कागद लागतोच.

पैशाबाबत एकच. पगार पुरत असेल तर मंडळीकडून आधार घेऊ नका, आणि आधार घेतलात तर पगार किती ते मंडळीला सांगा. नोकरी देणाऱ्यालाही कळलं पाहिजे की तुम्हाला एखाद्या मंडळीने पाठवलं आहे. मुलाखतीत प्रवचन देऊ नका, पण विचारलं तर लपवू नका. पुढे कुणीतरी तुमचं नाव इंटरनेटवर शोधणार आहेच.

वर्गात

मोठ्यांचा ए२ पातळीचा वर्ग आहे असं धरू. आजचा धडा 'यूज्ड टू'. नवखा शिक्षक फळ्यावर नियम लिहितो, दहा मिनिटं समजावतो आणि विचारतो, 'डू यू अंडरस्टँड?' सगळे माना डोलावतात. कुणाला काहीही समजलेलं नसतं.

त्याऐवजी असं करा. फळ्यावर एका माणसाची दोन चित्रं काढा, एक खेड्यात, एक शहरात. वाईट काढलीत तरी चालतील. विद्यार्थी हसले तर बरंच. वाक्य म्हणा: 'ही यूज्ड टू लिव्ह इन अ व्हिलेज.' मग तीन प्रश्न. 'डज ही लिव्ह इन अ व्हिलेज नाऊ?' नो. 'डिड ही लिव्ह देअर बिफोर?' येस. 'वन डे, ऑर अ लाँग टाइम?' अ लाँग टाइम. ही तिन्ही उत्तरं बरोबर आली म्हणजे अर्थ पोचला. आता उच्चार. 'यूज्ड' मधला 'ड' बोलताना गळतो, ऐकू येतं ते 'यूस्टु'. सगळ्यांकडून एकत्र म्हणून घ्या, मग एकेकाकडून. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं लिहायची, दोन खरी आणि एक खोटं, आणि शेजाऱ्याने प्रश्न विचारून खोटं पकडायचं. तुम्ही फक्त फिरत राहायचं, ऐकत राहायचं, चुका वहीत टिपायच्या. शेवटी त्यांतल्या चार-पाच चुका नाव न घेता फळ्यावर लिहायच्या आणि त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायच्या. तासभरात तुम्ही बोललात पंधरा मिनिटं, ते बोलले उरलेला वेळ. नवख्यांच्या वर्गात बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं, आणि ज्यांना प्रवचनाची सवय आहे त्यांच्या वर्गात तर हमखास.

कुठले उच्चार कुणाला जड जातात हे आधी माहीत करून घ्या. अरबी बोलणाऱ्यांना 'प' आणि 'ब', जपानी बोलणाऱ्यांना 'र' आणि 'ल', कोरियन बोलणाऱ्यांना 'फ'. व्हिएतनामी विद्यार्थी शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळतात. त्याला आळस समजू नका. त्यांच्या भाषेत शेवटी येणारी व्यंजनं मोजकीच असतात.

आता नाजूक भाग. एक दिवस कुणीतरी भर वर्गात विचारणार: 'टीचर, आर यू क्रिश्चन?' उत्तर: 'येस, आय ॲम.' एवढंच, आणि धडा पुढे. कायदा परवानगी देत असेल तर 'वी कॅन टॉक आफ्टर क्लास' हे एक वाक्य जोडता येईल. स्वतःच्या श्रद्धेची दहा मिनिटांची साक्ष नको, कारण बाकीचे जण व्याकरणासाठी फी भरून बसलेत आणि उठून जाण्याची मुभा त्यांना नाही. विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने द्या, असं पेत्राचं पहिलं पत्र सांगतं (३:१५). तिथे कुणीतरी विचारलेलं असतं, हेही लक्षात घ्या.

नाताळचा धडा घ्यावा का? पाठ्यपुस्तकात असेल तर जरूर घ्या, जसा त्यांच्या सणांचा घ्याल तसाच. सणाची माहिती देणं वेगळं आणि वर्गाला प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगणं वेगळं. दुसरी गोष्ट वर्गात नको, सरकारी शाळेत तर मुळीच नको.

गुणांचा आणि श्रद्धेचा संबंध कुठेही येऊ देऊ नका. परीक्षा घेणारा तुम्ही, शिफारसपत्र देणारा तुम्ही, परदेशी विद्यापीठात ओळख असणारेही तुम्हीच. अशा माणसाने रविवारी घरी बोलावलं तर विद्यार्थी नाही म्हणू शकतो का, हे स्वतःला विचारा. सत्र चालू असताना आपल्याच विद्यार्थ्याला धार्मिक निमंत्रण द्यायचं नाही, हा नियम मी नवख्यांना नेहमी सुचवतो. काहींना तो जास्तच कडक वाटतो. निकाल लागल्यावर मैत्री टिकली तर ती मैत्री खरी.

बायबलमधून इंग्रजी

जिथे कायद्याने मोकळीक आहे तिथे चर्चमध्ये 'बायबलमधून इंग्रजी' असे वर्ग चालतात, आणि ते चांगले चालू शकतात. अट एकच: जाहिरातीत तसं लिहा. 'मोफत इंग्रजी संभाषण' अशी पाटी लावायची आणि लोक आल्यावर शास्त्र उघडायचं, हे फसवणं आहे. आलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात गायब होतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे सांगतो ते तुमच्या कानावर येत नाही.

मजकुराची निवड जपून करा. जुन्या वळणाचं इंग्रजी बायबल ए२ च्या विद्यार्थ्यापुढे ठेवू नका. 'दाऊ' आणि 'हॅथ' शिकून तो बँकेत काय बोलणार? सोप्या इंग्रजीतली भाषांतरं मिळतात. बेसिक इंग्लिशमधलं बायबल साधारण हजार शब्दांत बसवलेलं आहे, १९४९ मध्ये ते पूर्ण छापलं गेलं. येशूने सांगितलेले दाखले, म्हणजे बोधकथा, सुरुवातीला उत्तम. लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी (वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा परका) घ्या: साधा भूतकाळ, क्रमाने घडणाऱ्या घटना, रस्ता, चोर, जखमा, उतारशाळा, पैसे. वर्गात नाट्य करता येतं, तुमच्या गावात असं घडलं तर काय होईल यावर बोलता येतं. भाषेचा तासही खरा होतो. रोमकरांस पत्र मात्र नवख्यांना देऊ नका. तिथे इंग्रजीही अडते आणि अर्थही.

मुलं

अठरा वर्षांखालच्या मुलांशी धर्माबद्दल आईवडिलांच्या उघड संमतीशिवाय बोलू नका. कायदा काही म्हणो, हा नियम पाळा.

इंग्रजी शाळा आणि मिशन यांच्या इतिहासातच याचं कारण आहे. १८३० मध्ये अलेक्झांडर डफ यांनी कोलकात्यात इंग्रजी शाळा काढली, तिथे बायबल उघडपणे शिकवत आणि पालक ते जाणून मुलं पाठवत. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि पारशी मुलांनी शाळा सोडली. १८४३ मध्ये मिशनरींकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन मुलाचा ताबा कोर्टाने वडिलांकडे दिला. त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना केवढा विरोध सोसावा लागला. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो पोरगा दोन्हीकडून ओढला जात होता. तेव्हाच्या मिशनरींचा हेतू काहीही असो, आज कुणी हे पुन्हा करू नये.

बाकीचे नियम कुठल्याही शिक्षकाचे असतात तेच: मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही, खासगी संदेश पाठवायचे नाहीत, शिबिर असेल तर दोन मोठी माणसं हजर हवीत, भेटवस्तू एकट्याला द्यायची नाही. तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेकडे मुलांच्या सुरक्षेचं लेखी धोरण नसेल तर दुसरी संस्था शोधा.

घरी पाठवायची पत्रं

मंडळीला दरमहा पत्र जातं. त्यात काय लिहिता यावरून तुमची पारख होते. पत्र असं लिहा की उद्या ते तुमच्या विद्यार्थ्याच्या आईच्या हाती पडलं तरी तुम्हाला मान खाली घालावी लागू नये. आणि ते पडू शकतं: मंडळी पीडीएफ वेबसाइटवर टाकते, फोनमधलं भाषांतर ते क्षणात तिच्या भाषेत आणतं. तिला तिथे स्वतःचा मुलगा 'अंधारात चाचपडणारा' म्हणून दिसला तर तुम्ही वर्षभर प्रेमाने जे केलं ते सगळं तिला सापळा वाटेल.

विद्यार्थ्यांचे फोटो नकोत, नावं नकोत, गावाचं नाव नको. 'अमुक जण विश्वासात आले' असे आकडेही नकोत. ज्या देशात धर्मांतर गुन्हा आहे तिथे तो आकडा म्हणजे पोलिसांसाठी पुरावा. प्रार्थनेचे विषय भरपूर असतात. तुमचा संयम, तुमची भाषा, परीक्षेची धास्ती घेतलेला वर्ग, आजारी सहकारी. पाठवणाऱ्यांना मोठ्या बातम्या हव्या असतात, हे खरंय. त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा की बातम्या लहान असतील.

पहिले महिने

पोचल्यावर पत्त्याची नोंदणी मुदतीत करा. काही ठिकाणी ती २४ तासांची असते. पहिल्या आठवड्यात वर्ग, घर आणि किराणा एवढं जमलं तरी पुरे.

तिथली भाषा लगेच शिकायला घ्या. रोज तासभर, कंटाळा आला तरी. स्वतः कुणाची भाषा न शिकता जन्मभर इतरांना इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी माणसाबद्दल लोकांचं एक मत तयार होतं, आणि ते चांगलं नसतं. विल्यम केरी यांनी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. आधी विद्यार्थी झाल्याशिवाय ते जमलं नसतं. शिवाय तुम्ही त्यांच्या बाजारात अडखळत बोलताना विद्यार्थ्यांनी पाहिलं की तेही वर्गात अडखळायला लाजत नाहीत.

स्थानिक मंडळी असेल तर तिच्या वडीलधाऱ्यांना विचारून चाला. त्यांच्या उपासनेला तुम्ही गेल्याने त्यांच्यावर लक्ष वेधलं जातं का, हे तेच सांगू शकतील. ते 'येऊ नका' म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका आणि जाऊ नका. ते 'या' म्हणाले तर मागच्या बाकावर बसा. परदेशी पाहुणा म्हणून पहिल्याच रविवारी व्यासपीठावर चढवतात, ते नम्रपणे टाळा.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मन खचतं, घरची आठवण येते, आपण नुसते काळ आणि अव्ययं शिकवतोय, सेवा कुठे होतेय, असं वाटायला लागतं. याच काळात माणसं घाई करतात आणि जिथे बोलू नये तिथे बोलतात. ज्याच्याशी मोकळं बोलता येईल असा एक माणूस निघण्याआधीच ठरवून ठेवा, शक्यतो पाठवणाऱ्या मंडळीबाहेरचा. त्याच्याशी दर आठवड्याला फोन. तपासलेल्या वह्या, वेळेवर सुरू झालेला तास, नापास झालेल्याला दिलेला जादा वेळ, हीही सेवाच आहे हे त्याच्याकडून ऐकलेलं जास्त पटतं.

परतताना

करार संपण्याच्या तीन महिने आधी शाळेला कळवा आणि तुमच्या जागी स्थानिक शिक्षक तयार करता येईल का ते विचारा. तुमच्या धड्यांच्या टिपणवह्या, चित्रं, ध्वनिफिती त्याच्या हवाली करा. पुढच्या परदेशी माणसासाठी कपाटात कोंडून ठेवू नका. अनुभवाचा दाखला शाळेच्या लेटरहेडवर, तारखा आणि पातळ्यांसह घ्या. वीज, फोन, बँक, घराची अनामत आणि पत्त्याची नोंद रद्द करून पावत्या जवळ ठेवा. निवृत्तिवेतनासाठी पगारातून रक्कम कापली गेली असेल तर ती परत मिळण्याची मुदत पाहा. जपानमध्ये देश सोडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. शेवटच्या तासाला विद्यार्थ्यांना नव्या शिक्षकाचं नाव सांगा, तो वर्गात असेल तर शेवटची वीस मिनिटं त्यालाच शिकवू द्या.